स्वयंपाकघराचे नूतनीकरण: कंत्राटदार बोलावण्याआधीपासून शेवटचा हप्ता देईपर्यंत

स्वयंपाकघराच्या कामात पैसा वाया जातो, तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. टाइल लागल्यावर पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची जागा आठवते, ट्रॉल्यांचे माप भिंती उघड्या असतानाच घेतले जाते, चिमणीच्या पाइपासाठी भिंतीला भोक पाडायचे राहून जाते आणि मग झालेले काम पुन्हा फोडावे लागते. घर तेच, कारागीरही चांगले, तरी खर्च ठरल्यापेक्षा बराच वाढतो आणि महिन्याचे काम तीन महिने रेंगाळते.

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या पंचवीस-तीस वर्षे जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमधले फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून मी हे टप्पे लिहीत आहे. साधारण आठ बाय दहा फुटांची खोली, कडप्प्याच्या आधारावरचा ओटा, कोपऱ्यात मोरी, भिंतीवर दोनच प्लग पॉइंट आणि काम चालू असतानाही त्याच घरात राहणारे कुटुंब, असे हे स्वयंपाकघर आहे.

## १. कारण आधी लिहून काढा

कंत्राटदाराला फोन करण्यापूर्वी एका कागदावर आपण हे काम का करतो आहोत ते स्पष्ट लिहावे. कामाची व्याप्ती कारणावरून ठरते आणि व्याप्तीवरून खर्च ठरतो, म्हणून हा कागद फार महत्त्वाचा आहे.

खालच्या घरात गळती होत असेल, तर जमीन आणि मोरी फोडून नव्याने जलरोधक काम करण्याला पर्याय नाही. वरून कितीही सुंदर टाइल लावली तरी पाणी आपली वाट सोडत नाही. ओट्याची उंची चुकलेली असल्यामुळे पाठ दुखत असेल, तर ओटा नव्याने बांधावा लागेल, परंतु जमीन फोडावी लागेलच असे नाही. मिक्सर आणि इंडक्शन शेगडी एकाच जोडपट्टीवर (एक्स्टेन्शन बोर्डवर) चालवावी लागत असेल, तर मुख्य काम विजेचे आहे. डबे ठेवायला जागा नसणे, एवढीच अडचण असेल, तर ट्रॉल्या आणि वरची कपाटे बसवून भागते. स्वयंपाकघर केवळ जुने दिसते म्हणून चांगला ओटा आणि कोरडी जमीन फोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंत्राटदार हवा की नको, हेही याच कागदावरून कळते. फक्त सुतारकाम असेल, तर थेट चांगल्या सुताराला बोलवावे. मात्र गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांपैकी तिघा-चौघांची कामे एकमेकांत गुंतलेली असतील, तर त्यांचा मेळ घालणारा आणि चूक झाल्यास जबाबदारी घेणारा एक माणूस लागतो. कंत्राटदाराला आपण पैसे देतो ते प्रामुख्याने या जबाबदारीचे असतात.

## २. मापे आणि यादी स्वतः तयार करा

आलेख कागदावर खोलीचा आराखडा काढावा. खिडकी, दार, खांब, तुळई, पाण्याच्या पाइपांची जागा आणि गॅसची नळी त्यात दाखवावी. त्यानंतर घरात असलेल्या आणि येत्या चार-पाच वर्षांत येऊ शकणाऱ्या प्रत्येक उपकरणाची वॅटसह यादी करावी.

वॅट लिहिण्याचे कारण साधे आहे. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढते आणि १५०० वॅटची किटलीही साडेसहा अँपिअरच्या घरात जाते. म्हणजे दोन्हींसाठी ६ अँपिअरचा पॉइंट अपुरा आहे, १६ अँपिअरचा लागतो. मिक्सरला ६ अँपिअरचा पुरतो. ही यादी हातात नसली की इलेक्ट्रिशियन सवयीने दोन-तीन पॉइंट काढतो आणि पुढची वीस वर्षे आपण जोडपट्ट्या वापरत राहतो.

ओट्याची उंची ठरवताना रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला चपला न घालता सरळ उभे करावे, कोपर काटकोनात वाकवायला सांगावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घ्यावे. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की त्या व्यक्तीला सोयीची उंची मिळते. बहुतेक घरांत ती ३२ ते ३६ इंचांच्या दरम्यान येते. ‘सगळीकडे हीच उंची असते’ हे उत्तर स्वीकारू नये.

सावधान: जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवणार असाल, तर जमीन अर्धा ते एक इंच वर येते. ओट्याची उंची नेहमी तयार जमिनीपासून मोजावी. त्याच वेळी दार खालून घासणार नाही ना, तेही पाहावे.

शेगडी आणि सिंक यांच्यात किमान दोन फूट मोकळा ओटा ठेवावा, कारण चिरण्याचे, मळण्याचे आणि भांडी उतरवण्याचे काम तिथेच होते. शेगडी खिडकीच्या अगदी समोर ठेवल्यास वाऱ्याने ज्योत हलते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रासाठी पाण्याचा, विजेचा आणि टाकाऊ पाण्याचा, असे तीन पॉइंट लागतात, त्यांपैकी तिसरा हमखास विसरला जातो.

## ३. परवानग्या आणि इमारतीची मर्यादा

गृहनिर्माण संस्थेला लेखी अर्ज करून कामाचे स्वरूप, कालावधी आणि कंत्राटदाराचे नाव कळवावे. संस्थेचे अनामत रकमेचे, कामाच्या वेळांचे, लिफ्टच्या वापराचे आणि डेब्रिजचे (तोडफोडीच्या राडारोड्याचे) नियम लेखी मागून घ्यावेत आणि ते कंत्राटदाराशी होणाऱ्या करारात जसेच्या तसे घालावेत. मुंबईत डेब्रिज उचलण्यासाठी महानगरपालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. अन्य शहरांत आपल्या महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात चौकशी करावी. गोण्या रात्री नाल्याकाठी टाकून देणारा कंत्राटदार स्वस्त वाटला, तरी दंडाची नोटीस आपल्याला येऊ शकते.

खांब आणि तुळई यांना हात लावायचा नाही. जुन्या, भारवाहक भिंतींच्या इमारतीत तर साधी दिसणारी भिंतही वरच्या मजल्यांचे वजन पेलत असते, म्हणून स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत काढण्याचा विचार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्यावा. कंत्राटदाराचे ‘काही होत नाही’ हे आश्वासन त्या अभिप्रायाची जागा घेऊ शकत नाही. स्वयंपाकघर दुसऱ्या खोलीत हलवल्यास ओली जागा खालच्या कुटुंबाच्या झोपण्याच्या खोलीवर येते, आणि यातून उद्भवणारे तंटे वर्षानुवर्षे चालतात.

तपासणी: काम सुरू होण्याआधी खालच्या शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या छताची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत. जुना ओलसर डाग आपल्या कामामुळे पडला, असा आरोप पुढे झाला, तर ही छायाचित्रे दोन्ही बाजूंना उपयोगी पडतात.

## ४. कंत्राटदाराची निवड आणि दरपत्रक

किमान तिघांकडून दरपत्रक घ्यावे, पण तिघांनाही तीच लेखी यादी आणि तोच आराखडा द्यावा. तसे न केल्यास प्रत्येक जण वेगळ्या कामाचा दर देतो आणि तुलना निरर्थक होते. प्रत्येकाने केलेले, दोन-तीन वर्षे वापरात असलेले एक तरी स्वयंपाकघर प्रत्यक्ष पाहावे. तिथे गेल्यावर चकचकीत दारे पाहण्यात वेळ न घालवता सिंकखालचे कपाट उघडावे. तिथला प्लायवूड फुगला आहे का, वास येतो का आणि ट्रॉली ओढताना अडते का, एवढ्यावरून कामाची खरी पारख होते.

दरपत्रकात पुढील मुद्द्यांवर सर्वाधिक फसगत होते.

मोजमाप. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या ओट्यात कोपरा दोनदा मोजला जातो. एका भिंतीला आठ फूट, दुसरीला सहा फूट आणि ओट्याची खोली दोन फूट असेल, तर दोन्ही भिंतींची बेरीज चौदा रनिंग फूट (सरळ लांबीचे फूट) येते. प्रत्यक्षात आठ फुटांच्या बाजूने कोपरा व्यापल्यावर दुसऱ्या बाजूला चारच फूट उरतात, म्हणजे ओटा बारा रनिंग फुटांचा किंवा २४ चौरस फुटांचा आहे. चौदाने आकारणी केल्यास २८ चौरस फुटांचे पैसे जातात. कोपरा कसा मोजणार, हे दर विचारतानाच लिहून घ्यावे.

माल. ‘चांगला प्लाय’ या शब्दांना काही अर्थ नाही. सिंकखाली आणि पाण्याच्या जवळ आयएस ७१० या भारतीय मानकाच्या खुणेचा, उकळत्या पाण्यालाही टिकणारा बीडब्ल्यूपी प्लायवूड लिहून घ्यावा. या प्रतीच्या प्लायवूडच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात. माल आल्यावर प्लायवूडच्या प्रत्येक तक्त्यावरचा शिक्का स्वतः पाहावा. ट्रॉल्यांसाठी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे. मुंबई आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत २०२ प्रतीच्या स्टीलवर लवकर डाग पडतात. चुंबक लावून पाहण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण या दोन्ही प्रतींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. प्रत बिलावर लिहून घेणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

काय धरले आहे. दर केवळ मजुरीचा आहे की मालासकट, जीएसटी त्यात आहे की वेगळा, डेब्रिज खाली नेणे आणि गाडी कोणाकडे, सिंकचे व शेगडीचे कटिंग, ग्रॅनाइटच्या कडेची गोलाई आणि टाइलच्या सांध्यांतील भरण यांचे वेगळे पैसे लागणार का, हे सारे विचारावे. सर्वांत कमी दराचे दरपत्रक बहुधा इथेच अपुरे असते.

## ५. करार आणि हप्ते

करार दोन पानांचा असला तरी चालेल, परंतु त्यात आराखडा, मालाची यादी, आरंभाची आणि समाप्तीची तारीख, हप्ते, आणि दोष निघाल्यास विनामूल्य दुरुस्तीचा कालावधी असावा. हप्ते तारखेशी न जोडता पूर्ण झालेल्या टप्प्याशी जोडावेत. मला योग्य वाटणारी विभागणी अशी: आगाऊ १० टक्के, तोडफोड, पाइप आणि वायरिंग तपासून झाल्यावर २०, जलरोधक काम आणि ओटा झाल्यावर २५, टाइल पूर्ण झाल्यावर २५, ट्रॉल्या व कपाटे बसल्यावर १०, आणि उरलेले १० टक्के वापर सुरू झाल्यावर महिन्याने. तयार मॉड्युलर कपाटे बनवून देणारे विक्रेते बरीच अधिक आगाऊ रक्कम मागतात. त्यांचे काम वेगळ्या करारात ठेवावे, म्हणजे बांधकामाचे हप्ते त्यात मिसळत नाहीत.

वाढीव काम करण्यापूर्वी त्याचा दर लेखी मान्य झाला पाहिजे, मग तो व्हॉट्सॲपवरचा एक संदेश असला तरी पुरे. तोंडी सांगितलेली ‘तेवढे जरा करून टाका’ ही वाक्येच शेवटच्या बिलात सर्वांत महाग पडतात.

## ६. तोडण्यापूर्वीची तयारी

काम सुरू करण्याचा दिवस सिंक, नळ, टाइल, शेगडी आणि चिमणी यांची निवड पूर्ण झाल्यावरच ठरवावा. सिंक प्रत्यक्ष घरात असावा, कारण छापील मापावरून ग्रॅनाइट कापल्यास फट राहते. टाइल मोजलेल्या क्षेत्रापेक्षा सुमारे १० टक्के अधिक आणि एकाच बॅचच्या घ्याव्यात. सर्व खोक्यांवरचा बॅच क्रमांक आणि छटेचा क्रमांक जुळतो का, ते दुकानातच पाहावे.

घरातच राहणार असाल, तर गॅलरीत किंवा दुसऱ्या खोलीच्या कोपऱ्यात इंडक्शन शेगडी, पाण्याचे पिंप आणि रोजची भांडी मांडून तिथे दोन दिवस प्रत्यक्ष स्वयंपाक करून पाहावा. सिलिंडर मात्र झोपण्याच्या बंद खोलीत नेऊ नये. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला भोक पाडणे आणि रंगकाम ही दोन्ही कामे त्रासाची होतात, आणि दिवाळीच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत. शक्य असल्यास डिसेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा.

तपासणी: मुख्य पाणीपुरवठ्याची झडप नीट बंद होते का, हे आधीच पाहावे. जुन्या इमारतीत ती गंजून अडकलेली असते आणि हे पाइप कापल्यावर कळते.

## ७. तोडफोड, पाइप आणि वायरिंग

पहिला हातोडा पडण्याआधी मोरीचे आणि सिंकचे सांडपाण्याचे तोंड चिंध्या किंवा बुच लावून घट्ट बंद करावे, अन्यथा सिमेंटचे तुकडे इमारतीच्या सामाईक पाइपात जातात. गॅसच्या नळीला कंत्राटदाराच्या प्लंबरने हात लावायचा नाही. पाइपने येणारा गॅस असेल, तर नळी हलवण्याचे काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसांकडूनच करून घ्यावे. त्यांची वेळ मिळायला दिवस लागतात, म्हणून अर्ज आधीच द्यावा.

तोडफोड झाल्यावर खडूने भिंतीवर ओटा, सिंक, शेगडी, कपाटे आणि प्रत्येक पॉइंट खऱ्या मापात आखून घ्यावा आणि घरातल्या सर्वांनी तिथे उभे राहून पाहावे. खडू पुसायला काही लागत नाही. त्यानंतरच झिरी (पाइप आणि तारांसाठी भिंतीतल्या खाचा) पाडाव्यात. १६ अँपिअरच्या पॉइंटना स्वतंत्र, किमान २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारा आणि योग्य एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास वीज तोडणारा स्विच) असावा, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळल्यास पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा, कारण ओल्या हातांनी वावरण्याची ही जागा आहे. प्लग सिंकच्या वर किंवा शेगडीच्या मागे नसावेत. चिमणीच्या पाइपाचे भोक याच टप्प्यात पाडावे.

तपासणी: झिरी बुजवण्यापूर्वी पाइपांना पंपाने दाब देऊन दाबमापकाचा काटा काही तास स्थिर राहतो का, ते स्वतः पाहावे. त्यानंतर भिंतीला मोजमापाची टेप लावून प्रत्येक झिरीची छायाचित्रे काढावीत. माझ्या स्वतःच्या घरी ही छायाचित्रे काढायची राहिली, आणि वरचे कपाट बसवणाऱ्याचे ड्रिल थेट गरम पाण्याच्या पाइपात गेले. नवी कोरी टाइल फोडून दुरुस्ती करावी लागली आणि तशी टाइल बाजारात मिळेनाशी झाली होती.

## ८. जलरोधक काम

या टप्प्यावर घाई करू नये. जमीन स्वच्छ करून, पाइपांभोवतीची पोकळी भरून, जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) काढून मगच जलरोधक लेप द्यावा. लेप भिंतीवर किमान एक फूट वर चढवावा. दोन थरांमधले अंतर डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाळावे. लेप पूर्ण वाळल्यावर दाराशी विटांचा बांध घालून पाणी साठवावे आणि ४८ तास तसेच ठेवावे.

तपासणी: पाणी भरताना पातळीची खूण करावी आणि दोन दिवसांनी खालच्या घराचे छत पाहून यावे. डाग दिसल्यास इथेच थांबावे. वर टाइल लावून पुढे जाण्याला कोणत्याही कारणाने संमती देऊ नये.

सांडपाण्याच्या पाइपाला सतत ढाळ हवा आणि नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या तोंडाखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भागात) सुमारे ५० मिलिमीटर पाणी उभे राहायला हवे. ते पाणी आटले की झुरळे आणि दुर्गंधी घरात येते, म्हणून मोरी ओट्याखाली झाकून टाकण्याचा बेत असल्यास तिथे वापराचे पाणी जात राहील अशी व्यवस्था करावी, अथवा तोंड कायमचे बंद करावे.

## ९. ओटा आणि टाइल

कडप्प्याचे उभे आधार ओळंब्यात (अगदी सरळ उभे) आणि वरची पातळी लेव्हलमध्ये आहे, हे पाण्याची नळी किंवा लेव्हल लावून पाहावे. ट्रॉल्या बसवायच्या असतील, तर दोन आधारांमधले अंतर वर, मध्ये आणि खाली सारखे भरले पाहिजे. पाव इंचाचा फरकही ट्रॉली अडवतो. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली पाणी ठिबकण्यासाठी बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे ओट्यावरचे पाणी कपाटांच्या दारांवर ओघळत नाही. सिंकच्या कापलेल्या कडाही घासून, सिलिकॉनने बंद कराव्यात.

ओट्यानंतर भिंतीच्या टाइल आणि सर्वांत शेवटी जमीन, हा क्रम ठेवल्यास नव्या फरशीवर ग्रॅनाइटचे तुकडे पडत नाहीत. शेगडीमागच्या आणि सिंकजवळच्या सांध्यांत इपॉक्सी भरण वापरावे. ते महाग आहे, परंतु तेलकट हळदीचे डाग त्यात मुरत नाहीत.

## १०. ट्रॉल्यांचे अंतिम माप आणि बसवणी

ट्रॉल्या आणि कपाटे यांचे अंतिम माप टाइल लागल्यावरच घ्यावे. जुन्या इमारतीत कोपरे गुण्यात (काटकोनात) नसतात आणि टाइलची जाडी प्रत्येक बाजूने जागा खाते. कारखान्यात कपाटे तयार होण्याचे तीन-चार आठवडे वाचवावेत म्हणून आधीच माप देण्याचा आग्रह विक्रेता धरतो. तो मानल्यास फटी झाकणाऱ्या पट्ट्यांनी स्वयंपाकघर भरून जाते. त्या आठवड्यांत ओटा, सिंक आणि शेगडी वापरता येते, त्यामुळे थांबण्यात फारसे नुकसान नाही.

गॅसच्या ठिकाणी हवा खेळती हवी. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खाली झरोके लागतात. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे वर जातो, त्याला वरचे झरोके लागतात. गॅसची झडप कपाटाच्या मागे कधीही झाकू नये, हात सहज पोचला पाहिजे.

## ११. ताबा घेताना

दिवसाउजेडी, यादी हातात घेऊन तपासावे. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे आणि खालचे सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहावेत. सर्व मोठी उपकरणे एकाच वेळी चालवावीत. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून वीज खंडित होते का, ते पाहावे. प्रत्येक ट्रॉली रोज जेवढे वजन ठेवणार तेवढे भरून ओढावी. टाइलवर नाण्याने हलके ठोकावे. पोकळ आवाज आल्यास ती टाइल खुणेसह नोंदवावी.

दोषांची यादी दोन प्रतींत करून कंत्राटदाराची सही घ्यावी आणि राखून ठेवलेले दहा टक्के त्या यादीतले शेवटचे काम झाल्यावरच द्यावेत. उरलेल्या टाइलचे एक खोके, झिरींची छायाचित्रे, आराखडा, बिले आणि हमीपत्रे एकत्र पोटमाळ्यावर ठेवावीत, आणि खोक्यावर तारीख लिहावी.